जास्त खत, कमी गहू: दिलेले नत्र गेले कुठे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातील काळ्या जमिनीत आपण आणि बांधाला बांध लागून असलेल्या आपल्या शेजाऱ्यांनी गेल्या रब्बीत त्र्यंबक या एकाच वाणाचा गहू केला. आपण एकरी दोन गोण्या डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि तीन गोण्या युरिया दिला, तर त्यांनी एक गोणी डीएपी आणि दोन गोण्या युरिया दिला. तरीही त्यांना एकरी १७ क्विंटल गहू झाला आणि आपल्याला ११ क्विंटलवर समाधान मानावे लागले. खत बनावट निघाले असावे, अशी आपली शंका आहे. आपण मशागत, पेरणी आणि पाण्याच्या तारखांची वही सोबत पाठवली, हे फार बरे केले. ती वाचल्यावर खताविषयी शंका घेण्याचे कारण मला उरले नाही. गोणीतले खत चोख होते, पण ते पिकाच्या तोंडी लागले नाही.

आधी हिशेब मांडू. डीएपीच्या १०० किलोंत, म्हणजे आपल्या दोन गोण्यांत, १८ किलो नत्र (नायट्रोजन) असते आणि युरियात ४६ टक्के. ४५ किलोच्या तीन गोण्या म्हणजे १३५ किलो युरिया, त्यातले नत्र ६२ किलो. म्हणजे आपण एकरी ८० किलो नत्र दिले. शेजाऱ्यांचे त्याच रीतीने सुमारे ५० किलो होते. दिलेल्या प्रत्येक किलो नत्रामागे त्यांना जवळजवळ ३४ किलो गहू मिळाला आणि आपल्याला १४ किलोही मिळाला नाही. आता दुसऱ्या बाजूने पाहू. एक क्विंटल गहू आणि त्यासोबतचा भुसा तयार करताना पीक साधारण अडीच किलो नत्र उचलते, म्हणून ११ क्विंटलांसाठी आपल्या पिकाने २७-२८ किलोच नत्र घेतले. जमिनीने स्वतःचे काहीच दिले नाही असे मानले, जे कधीच खरे नसते, तरी ८० पैकी ५० किलोंहून अधिक नत्र पिकाबाहेर राहिले. धान्यपिके दिलेल्या नत्राचा सरासरीने जेमतेम एक-तृतीयांश भाग उचलतात हे जगभर आढळलेले आहे, त्यामुळे आपण एकटेच नाही. मात्र शेजाऱ्यांच्या शेतात हेच प्रमाण कितीतरी चांगले होते, आणि त्यासाठी त्यांनी खतावर एक रुपयाही जास्त खर्च केलेला नाही.

सर्वसाधारण समज असा असतो की, उशीर झाला की उत्पादन घटते आणि ते घटू नये म्हणून खत वाढवावे. यातला पहिला भाग खरा आहे. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि त्यापुढे प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे आपल्याकडे शिफारशीतच सांगितले जाते. आपण ५ डिसेंबरला पेरले, म्हणजे १५ नोव्हेंबरपासून २० दिवस उशीर झाला. या नियमाने घट येते हेक्टरी सव्वातीन क्विंटलांच्या आसपास, एकरी सुमारे १.३ क्विंटल. आपल्यात आणि शेजाऱ्यांत अंतर आहे सहा क्विंटलांचे. म्हणजे सगळा दोष तारखेच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. साडेचार क्विंटलांचा शोध बाकी राहतो, आणि तो आपल्या वहीच्या मधल्या पानांत आहे.

तरीही तारखेविषयी दोन वाक्ये लिहितो, कारण खत वाढवण्याची चूक तिच्यातूनच जन्मते. गव्हाला फुटव्यांच्या काळात थंडी लागते आणि दाणे भरताना तापमान वाढू लागले की दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात. पीक पिवळे पडून लवकर पिकते आणि दाणा बारीक राहतो. मार्च २०२२ मध्ये देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च झाला, उत्तरेतला गहू भर दाण्यात होरपळला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली, हे आपल्याला आठवत असेल. आपल्याकडे तशी उष्णता फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच येते. युरियाने पाने वाढतात, फुटवे वाढतात. दिवस वाढत नाहीत. म्हणूनच वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे, तर उशिरा पेरलेल्याला ८० ते ९० किलोंचीच. एकरात सांगायचे तर ४८ किलो आणि ३२ ते ३६ किलो. आपण उशिरा पेरून ८० किलो दिले. शिवाय त्र्यंबक हा वेळेवर पेरणीचा वाण आहे. डिसेंबरात पेरायचेच असेल, तर फुले समाधान किंवा एनआयएडब्ल्यू ३४ घेणे शहाणपणाचे ठरले असते.

आता मधली पाने. आपण मका काढल्यावर रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या दिल्या, धसकटे आणि उरलेला पाला मातीत मिसळला आणि आठव्या दिवशी गहू पेरला. तिसऱ्या आठवड्यात पीक पिवळट दिसले म्हणून आणखी एक गोणी युरिया टाकला, अशी नोंद आहे. हे पिवळेपण का आले, याचे एक उत्तर मातीतल्या जिवाणूंकडे आहे. मक्याच्या काडात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते; ढोबळ प्रमाण ६० भाग कर्बाला एक भाग नत्र असे धरता येईल. हे काड कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचे शरीर वाढवण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक नत्र लागते आणि काडात ते मिळाले नाही की ते मातीतून, म्हणजे आपल्याच खतातून, उचलतात. एक टन सुक्या काडामागे साधारण ८ ते १० किलो नत्र असे काही आठवडे अडकून पडते. ते नाहीसे होत नाही. काड कुजले की परत मिळते. परंतु परत मिळते तेव्हा गव्हाची भूक सरलेली असते. उसनवारी फेडली जाते, पण लग्न उरकल्यावर.

शेजाऱ्यांच्या शेतात आधी सोयाबीन होते. त्याचा गळलेला पाला आणि मुळे नत्राने संपन्न असतात, लवकर कुजतात आणि जिवाणूंना उसने मागावे लागत नाही. त्यांच्या १७ क्विंटलांतला काही वाटा या सोयाबीनचा आहे, हे त्यांनाही कदाचित ठाऊक नसेल. मक्यानंतर गहू घेऊच नये, असे मी म्हणणार नाही, कारण नाशिक जिल्ह्यात मक्याला बाजार आहे आणि पीकपद्धती केवळ गव्हाच्या सोयीने ठरत नाही. पण मका निघाल्यापासून पेरणीपर्यंत दोन-तीन आठवडे मिळत नसतील, तर धसकटे वेचून बाहेर काढणे किंवा चांगले कुजलेले शेणखत देणे आणि पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता अर्ध्यापेक्षा कमी न ठेवणे, एवढे तरी करावेच. आपण पेरणीसोबत डीएपीतले १८ किलोच नत्र दिले होते आणि ते बहुधा जिवाणूंनीच संपवले.

आपल्या वहीतली पेरणीची नोंद मात्र मला सर्वांत जास्त खटकली. बियाणे आणि डीएपी एकत्र विस्कटून त्यावर रोटाव्हेटर फिरवला आणि कोरड्यात पेरल्यामुळे लगेच पाणी सोडले, असे आपण लिहिता. ही पद्धत झपाट्याने पसरली आहे, कारण तीत मजूर लागत नाही आणि दिवस वाचतो. पण तिचे मोल खताच्या रूपाने चुकते करावे लागते. रोटाव्हेटरने बी दोन सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत कुठेही पडते. आजचे बुटके गहू ज्या जनुकांमुळे बुटके झाले, त्यांच्यामुळेच त्यांच्या कोंबावरचे आवरणही आखूड राहिले आहे, आणि पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेले बी वर येताना दमून जाते. वर पडलेले बी पाखरे खातात किंवा ते वाळते. त्यात काळ्या मातीवर लगेच भरपूर पाणी दिले की पृष्ठभाग आवळून पापुद्रा धरतो. म्हणून एकरी ६० किलो बी टाकूनही आपल्या शेतात कुठे जट तर कुठे टक्कल, असे चित्र दिसले. ओलवून घेतलेल्या जमिनीत वाफशावर, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशा वेळी, पाभरीने (बी ओळीत सोडणाऱ्या अवजाराने) पाच सेंटीमीटर खोल पेरले असते, तर उशिराच्या पेरणीलाही ५० किलो पुरले असते. वेळेवरच्या पेरणीला ४० किलो पुरते.

पाभरीचा किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राचा दुसरा फायदा खताशी थेट निगडित आहे. डीएपीतून नत्राबरोबर स्फुरदही (फॉस्फरस) मिळते. नत्र पाण्याबरोबर मातीत हिंडते, स्फुरद हिंडत नाही. आपल्या माती परीक्षणात सामू (पीएच) ८.३ आहे आणि मुक्त चुनाही बराच आहे. अशा जमिनीत विद्राव्य स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन काही आठवड्यांतच पिकाला दुर्मीळ होते. विस्कटलेल्या डीएपीचा प्रत्येक दाणा चारी बाजूंनी मातीने वेढलेला असतो, त्यामुळे ही बांधणी जलद होते. तेच खत दोन चाड्यांच्या (एकातून बी, दुसऱ्यातून खत सोडणाऱ्या) पाभरीने ओळीत, बियाच्या थोडे खाली आणि बाजूला पडले, तर मातीशी त्याचा संपर्क कमी येतो आणि कोवळ्या मुळांना पहिल्या पंधरवड्यातच ते सापडते. डिसेंबरच्या गार मातीत मुळे आधीच हळू वाढतात, तेव्हा ही जवळीक आणखी मोलाची ठरते. शेजाऱ्यांची एक गोणी ओळीत पडली आणि आपल्या दोन गोण्या शेतभर पसरल्या. दोन गोण्यांत ४६ किलो स्फुरद येते. गरज २४ किलोंची होती. स्फुरदाचा असा अतिरेक जस्ताची उपलब्धता आणखी दाबतो आणि आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत जस्त मुळातच कमी मिळते. ते परीक्षणात कमी आले असेल, तर हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यावे. युरिया मात्र बियाला चिकटून कधीही पेरू नये; त्यातून सुटणारा अमोनिया कोंब जाळतो.

यानंतर पाणी, आणि माझ्या मते साडेचार क्विंटलांतला सर्वांत मोठा वाटा इथेच गेला. पेरणीनंतर बाराव्या दिवशी आपण दोन गोण्या युरिया विस्कटला आणि रात्रीच्या विजेवर मोटर लावून सकाळपर्यंत पाणी चालू ठेवले. गव्हाला दोन प्रकारची मुळे असतात. बियातून निघालेली पहिली मुळे रोपाला उभे करतात. पण फुटवे पोसणारी मुकुटमुळे जमिनीच्या वरच्या थरात, पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांच्या सुमारास फुटतात. पहिल्या पाण्याची शिफारस याच दिवसांची आहे ती या कारणाने. बाराव्या दिवशी ती मुळे आलेलीच नसतात. पहिल्या तीन आठवड्यांत पीक आपल्या एकूण नत्राचा दहावा हिस्साही घेत नाही. खरी ओढ कांडी धरण्यापासून (खोडाला पेरे सुटू लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत असते. म्हणजे आपण ताट वाढले तेव्हा पंगतीला कोणी बसलेलेच नव्हते.

वाढलेले ताट मग कोणी नेले? युरिया पाण्यात विरघळतो तेव्हा तो मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जातो. मोठ्या, नीट सपाट न केलेल्या वाफ्यात रात्रभर पाणी धावले, की युरिया वाफ्याच्या तोंडाकडून शेवटाकडे वाहतो. आपल्या छायाचित्रात पाण्याच्या दंडाजवळ (पाटाजवळ) पिवळा आणि शेवटाला गर्द हिरवा असा जो पट्टा दिसतो, तो याचाच पुरावा आहे. त्या हिरव्या टोकाचा गहू पुढे लोळलाही असणार. उरलेल्या युरियाचे काही दिवसांत अमोनियात रूपांतर होते आणि आठच्या वर सामू असलेल्या जमिनीच्या पृष्ठभागावर तो पडून असला, तर वायू होऊन उडतो. मुरलेल्या भागाचे पुढे नायट्रेट बनते, आणि नंतरच्या पाण्याने काळी माती चिंब होऊन हवा कोंडली, की जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्र हवेत सोडून देतात. हे तिसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते एवढेच की, पाणी दिल्यावर चार दिवसांनी पीक सुधारण्याऐवजी पिवळे पडते. त्या पिवळेपणाला आपण पुन्हा युरियाने उत्तर दिले. खरे म्हणजे मुळांना हवा हवी होती.

रात्रीच्या विजेचा प्रश्न आपण निर्माण केलेला नाही, हे मी जाणतो. थंडीत रात्री दोन वाजता बारे मोडायला (पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला) उभे राहणाऱ्या माणसाला "हलके पाणी द्या" असे कागदावरून सांगणे सोपे आहे. म्हणूनच माझा आग्रह रानबांधणीवर आहे: सारे (लांबट वाफे) अरुंद आणि लांबीला आखूड पाडावेत, जमीन पेरणीपूर्वीच सपाट करून घ्यावी, म्हणजे एक सारा लवकर भरतो आणि डोळा लागला तरी नुकसान मर्यादित राहते. ज्यांच्याकडे तुषार संच आहे, त्यांनी तो गव्हाला अवश्य वापरावा. मोजून पाणी देण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. युरियाचा दुसरा हप्ता विसाव्या दिवसाच्या सुमारास, खुरपणी झाल्यावर, वरची माती कोरडी असताना टाकावा आणि त्याच दिवशी हलके, सारखे पाणी देऊन तो मुळांच्या थरात उतरवावा. ओल्या जमिनीवर किंवा दवात टाकून तसाच दोन-तीन दिवस ठेवणे, ही अमोनिया उडवण्याची हमखास रीत आहे. अगदी हलक्या जमिनीत पाणी आधी देऊन वाफशावर युरिया देणे बरे, कारण तिथे भीती निचऱ्याची असते; आपल्या जमिनीला ते लागू नाही.

पुढची पाणी सांगायची तर कांडी धरताना ४० ते ४२ दिवसांनी, फुलोऱ्यात ६० ते ६५ दिवसांनी आणि दाणे भरताना ८० दिवसांनंतर. विहिरीला पाणी कमी असेल आणि तीनच पाळ्या मिळणार असतील, तर २१, ४२ आणि ६५ व्या दिवशी द्याव्यात. दोनच असतील, तर २१ आणि ६५ व्या दिवशी. खताचा हप्ता पाण्याच्या संख्येकडे पाहून ठरवावा, हे मात्र फार थोडे शेतकरी करतात. ज्या पिकाला दोनच पाणी मिळणार आहे, त्याला चार पाण्यांचे नत्र देण्यात अर्थ नाही; आधी पाने माजतात, ओल लवकर संपते आणि दाणे भरायच्या वेळी जमीन रिकामी असते.

तणांविषयी फार लिहीत नाही. विस्कटून पेरलेल्या गव्हात कोळपे चालत नाही, चाकवत आणि चांदवेल गव्हाच्या आधी युरिया खातात, आणि आपल्या छायाचित्रात चाकवत भरपूर आहे. ओळीत पेरणीचा हा आणखी एक लाभ समजावा.

फवारणीने तूट भरून काढता येईल का, असेही आपण विचारले आहे. ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या खताच्या दोन टक्के द्रावणाची फवारणी शिफारशीत आहे आणि ती उपयोगीही आहे, पण तिचा आवाका ओळखावा. एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो खत जाते, त्यात नत्र पाऊण किलोच्या आसपास. पान काही दिवस अधिक हिरवे राहते आणि दाण्याला थोडा हातभार लागतो. जमिनीत वाया गेलेल्या ५० किलोंची भरपाई त्यातून होत नाही.

या सगळ्यात युरियाच्या किमतीचाही हात आहे, हे सांगून टाकतो. अनुदानामुळे ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा शंका आली की एक गोणी टाकून पाहणे, हे मजुरी देऊन सारे बांधण्यापेक्षा स्वस्त वाटते. नीमलेपित युरियाने विरघळलेल्या नत्राचे नायट्रेट होणे थोडे मंदावते, पण रात्रभर वाहणाऱ्या पाण्यापुढे त्या लेपाचे काही चालत नाही. आणि केवळ नत्राने जमीन टिकत नाही, हे आपल्याच मातीवर तपासून झालेले आहे: अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या पीकपद्धतीत दीर्घकाळ चालवलेल्या खत प्रयोगात नुसते नत्र दिलेले वाफे मागे पडले आणि नत्र, स्फुरद, पालाशाला शेणखताची जोड मिळालेले वाफे पुढे राहिले. आपला सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के आहे. तो एका हंगामात वाढणार नाही, पण डीएपीची एक गोणी कमी करून वाचलेल्या पैशांत शेणखताची खेप घेता येईल. स्फुरद अधूनमधून सिंगल सुपर फॉस्फेटमधूनही द्यावे, म्हणजे डीएपीत नसलेले गंधक मिळते.

येत्या हंगामासाठी माझे सांगणे असे. मका लवकर येणारा घ्या किंवा गव्हाचा एकर सोयाबीनच्या जागी न्या. पेरणी १५ नोव्हेंबरच्या आत होत असेल, तर एकरी एक गोणी डीएपी आणि अर्धी गोणी युरिया पेरणीच्या वेळी, त्यातला युरिया बियापासून दूर, आणि दीड गोणी विसाव्या दिवशी. पेरणी डिसेंबरात गेली, तर दुसरा हप्ता पाऊण गोणीवर आणा. १५ डिसेंबरही उलटला, तर त्या शेतात गहू पेरू नका. उन्हाळ कांद्याचा विचार करा.

आणि एक छोटी गोष्ट कराच. शेताच्या मध्यावर, दंडापासून दूर, तीन मीटर रुंदीची एक पट्टी युरियाविना ठेवा. डीएपी तिलाही द्या. तिच्या शेजारच्या तेवढ्याच पट्टीत गोणी-दीड गोणीच्या हिशेबाने युरिया जास्त टाका. पाचव्या-सहाव्या आठवड्यात बाकीचे शेत जास्त युरियाच्या पट्टीइतकेच हिरवे दिसत असेल, तर पिकाला नत्र पुरत आहे, दुकानात जाऊ नका. कापणीच्या वेळी युरियाविना पट्टीतून आणि बाकीच्या शेतातून तीन-तीन ठिकाणी एक चौरस मीटर गहू कापून, झोडून, वाळवून तोला. चौरस मीटरमागे १०० ग्रॅमचा फरक म्हणजे एकरी ४ क्विंटल. एकरी किलोंत मांडलेल्या त्या फरकाला आपण एकरी दिलेल्या युरियातल्या नत्राच्या किलोंनी भागा आणि आकडा मला कळवा. १० किलोंच्या खाली आला, तर पुन्हा पाण्याच्या नोंदींपासून सुरुवात करू.